घरगुती हिंसेची तक्रार : कोल्हापूर जिल्ह्यात पोलीस ठाण्यापासून कोर्टाच्या आदेशापर्यंत कोणत्या क्रमाने जायचं

मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात सहसा एकटी जात नाही. सोबत बहीण असते, शेजारीण असते, बचत गटातली कुणी असते. हा लेख त्या बाईसाठी आहे, तसाच सोबत जाणाऱ्या माणसासाठीही आहे, कारण बहुतेक चुका सोबतच्यांच्या घाईमुळे किंवा भिडेमुळे होतात.

सगळ्यात मोठी चूक क्रमाची. आधी गावात बैठक होते, मग पाहुण्यांची मध्यस्थी, मग ठाणं, आठवड्याने दवाखाना आणि सगळं फसल्यावर कोर्ट. तोवर वळ गेलेले असतात, साक्षीदार गप्प झालेले असतात आणि बाईची बॅग आतच असताना घराला कुलूप लागलेलं असतं. क्रम असा हवा : आधी सुरक्षित जागा, मग दवाखाना, मग ठाणं आणि त्याच आठवड्यात महिला व बालविकास विभागाचा संरक्षण अधिकारी व कोर्ट. प्रत्येक ठिकाणाहून एक कागद हातात घेऊनच बाहेर पडायचं.

## निघण्याआधी : वाटा दोन आहेत

पहिली वाट फौजदारी गुन्ह्याची. नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४९८अ लागतं. ही वाट पोलीस ठाण्यातून जाते आणि तिचा शेवट शिक्षेत किंवा सुटकेत होतो.

दुसरी वाट कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ ची. ती संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाते. मारू नको, घरातून काढू नको, खर्चाला पैसे दे, मुलं आईकडे राहतील, दागिने परत दे, हे सगळं इथे मिळतं. नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं नसलं तरी ही वाट धरता येते. बायकोच नव्हे, तर एका घरात राहणारी आई, बहीण, मुलगी आणि लग्नाशिवाय सोबत राहणारी स्त्रीसुद्धा हा अर्ज करू शकते. मुलाचा मार खाणाऱ्या आईला हे कुणी सांगतच नाही.

दोन्ही वाटा एकाच वेळी चालता येतात. "एफआयआर केली, आता सगळं झालं" ही समजूत सोडा. एफआयआरने राहायला घर मिळत नाही, की खर्चाला पैसे.

## टप्पा १ : कागद आणि फोन

ज्या घरात मार वारंवार आहे तिथे ही तयारी शांत दिवशी करून ठेवायची.

आधार, रेशन कार्ड, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, बँक पासबुक, जुने दवाखान्याचे कागद. मूळ प्रती नेता येत नसतील तर फोटो काढून विश्वासातल्या माणसाकडे पाठवा. माहेरून आलेल्या दागिन्यांची आणि वस्तूंची यादी लिहा. सोनाराच्या पावत्या आणि अंगावर दागिने दिसणारे लग्नातले फोटो जपा.

आपल्याकडे बरेच जण एक गोष्ट विसरतात, ती नवऱ्याच्या उत्पन्नाची. "तो शेती करतो, त्याला पगार नाही" म्हणून खर्चाची मागणी ढिली पडते. कारखान्याचं ऊसबिल, दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल, सातबारा, आठ-अ, फौंड्रीची पगारपावती, इचलकरंजीत यंत्रमागाच्या वीजबिलावरचं नाव, यांतलं जे मिळेल त्याचा फोटो घ्या. पुढे टप्पा ८ मध्ये हेच कागद पैसे मिळवून देतात.

फोनमधलं रेकॉर्डिंग, व्हॉट्सअॅप संदेश आणि फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या. दुसऱ्याला पाठवलेली प्रत उपयोगी असते, पण कोर्टात मूळ साधनाबद्दल विचारतात आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. फोन विकू नका, रीसेट करू नका.

सावध : नवऱ्याने फोन घेऊन दिला असेल किंवा त्याला पासवर्ड माहीत असेल, तर त्याच फोनवरून हे शोधू नका. लोकेशन शेअरिंग बंद आहे का ते बघा.

## टप्पा २ : मारहाण चालू असेल तर

पोलिसांचा ११२ नंबर लावा. पत्ता आधी सांगा, कहाणी नंतर. "राजारामपुरी, अमुक गल्ली, तमुक अपार्टमेंट, नवरा मारतोय, दोन मुलं आत आहेत" एवढं पुरे. गावात असाल तर गावाचं नाव, वस्ती आणि जवळची खूण. शेजाऱ्यांनी फोन केला तरी चालतो. कॉलची वेळ नोंदली जाते, म्हणून आपल्या फोनमधली नोंदही पुसू नका.

महिला हेल्पलाइन १८१ आहे. सखी वन स्टॉप सेंटर या सरकारी मदत केंद्रातली तात्पुरती राहण्याची सोय, समुपदेशन आणि पुढचा पत्ता तिथे विचारा. मुलांना धोका असेल तर १०९८.

गाडी आली आणि नवरा शांत झाला की पोलीस समज देऊन निघू शकतात. तेव्हा स्पष्ट सांगा : "मला इथे थांबायचं नाही. मला दवाखान्यात आणि मग ठाण्यात न्या." मुलांना मागे ठेवून निघू नका. आईने मुलं सोबत नेली म्हणजे पळवली असं होत नाही. मागे ठेवली तर पुढचे काही महिने तीच मुलं दबावासाठी वापरली जातात.

## टप्पा ३ : दवाखाना, आणि तिथे विचारलेला एक प्रश्न

शहरात सीपीआर, इचलकरंजीत आयजीएम, तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. ठाण्यातून "मेडिकल यादी", म्हणजे तपासणीसाठी दवाखान्याला दिलेलं पोलिसांचं पत्र, मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. जखमी माणूस थेट जाऊ शकतो, आणि सीपीआरमध्ये पोलीस चौकी असल्याने तिथून नोंद संबंधित ठाण्याकडे जाते. आधी ठाण्यात गेला असाल तर मात्र यादी मागून घ्या.

अपघात विभागात डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" शेजारी सासू उभी असते, दारात दीर. बाई म्हणते, "पडले." डॉक्टर तेच लिहितात. त्या एका शब्दाने पुढचं सगळं प्रकरण लंगडं होतं, कारण नवऱ्याचा वकील तोच कागद कोर्टात दाखवतो. सोबत गेलेल्याचं पहिलं काम म्हणजे सासरच्या माणसांना बाहेर थांबायला लावणं. नर्सला सांगा, त्या मदत करतात.

सांगायचं असं : कुणी, कशाने, कधी, कुठे मारलं. केसपेपरवर "नवऱ्याने मारहाण केल्याचे सांगते" अशी नोंद झाली का ते वाचा. लागलेली प्रत्येक जागा दाखवा, साडीखालची आणि केसांतलीही. गळा दाबला असेल तर वळ नसला तरी सांगा; गिळताना दुखणं, आवाज बसणं हेही सांगा. गळा दाबल्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून घरी जायची घाई करू नका.

हाताला किंवा बोटाला सूज असेल तर एक्स-रे आग्रहाने करून घ्या. हाड मोडलं किंवा दात पडला तर कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत ठरते, आणि मग ठाण्याला गुन्हा नोंदवावाच लागतो. पट्टी बांधून परत आलात तर तीच घटना साधी मारहाण म्हणून लिहिली जाते.

तपासा : केसपेपरची प्रत किंवा फोटो, एक्स-रे, औषधाची पावती. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठून दिसतात. तेव्हा पुन्हा फोटो काढा, एक चेहऱ्यासह आणि एक जवळून.

## टप्पा ४ : ठाण्यात जबाब

हद्दीवरून अडू नका. सासर निपाणीत आणि माहेर कागलला, अशी लग्नं आपल्याकडे घराघरात आहेत. कागल ठाण्याने "हे कर्नाटकात घडलंय, तिकडे जा" असं म्हणणं बरोबर नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी माहिती घ्यावी लागते; ती शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवता येते. शिवाय छळामुळे माहेरी आलेल्या बाईला माहेरच्या ठिकाणीही तक्रार देता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

आता मुख्य गोष्ट. जबाब तुम्ही सांगता, पण लिहितात अंमलदार, आणि त्यांच्या हाताला एक ठरलेलं वाक्य बसलेलं असतं : "किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून हाताने मारहाण केली." हे वाक्य नीट बघा. "किरकोळ कारणावरून" म्हटल्यावर पैशाची मागणी गेली. "हाताने" म्हटल्यावर लाटणं किंवा पट्टा गेला. आणि एका रात्रीपुरतं लिहिल्यावर मागची सगळी वर्षं गेली. उरलं ते एक घरगुती भांडण.

म्हणून ठाण्यात जाण्याआधी एका कागदावर, आपल्याच भाषेत, लिहून काढा :

- शेवटची घटना : वार, तारीख, अंदाजे वेळ, घरातली जागा, कशाने, कुठे लागलं, तोंडून काय म्हटलं, कोण हजर होतं, तुम्ही ओरडल्यावर कोण आलं.
- त्याआधीच्या दोन-तीन मोठ्या घटना. तारीख आठवत नसेल तर "थोरलीच्या बारशानंतर", "गेल्या गणपतीत" असंही चालतं.
- मागणी : किती पैसे, कशासाठी, कुणी मागितले, माहेरच्यांनी काही दिलं का.
- तब्येतीवर परिणाम : झोप, गर्भपात, जीव द्यावासा वाटणं. कलम ८५ च्या छळात शारीरिक आणि मानसिक आरोग्याला धोका हा मुद्दा थेट येतो.

"नेहमी त्रास देतो" असं म्हणू नका. "सोमवारी रात्री साडेनऊला जेवण वाढताना उजव्या कोपरावर लाटणं मारलं, सासू चौकटीत उभी होती" असं म्हणा.

जे घडलं तेच सांगा. नणंद पुण्यात असते आणि दोन वर्षांत आली नाही, तरी "सगळ्यांची नावं घाला" असा सल्ला देणारे भेटतील. एक खोटं नाव खऱ्या चार नावांनाही सोडवून नेतं.

जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही नको. चुकलं असेल तर त्याच जागी दुरुस्त करून घ्या. वाचता येत नसेल तर सोबतच्याने मोठ्याने वाचावं. सासरच्या दुसऱ्या पुरुषाकडून लैंगिक त्रास झाला असेल तर तो जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. बाकी वेळीही महिला अंमलदार मागता येते.

सावध : फिर्याद शेजारणीच्या नावाने देऊ नका. कलम ८५ मध्ये पोलिसांनी थेट दखल घ्यायची तर माहिती स्वतः बाईने किंवा तिच्या नातेवाइकाने द्यावी लागते. शेजारीण साक्षीदार म्हणून भक्कम असते.

## टप्पा ५ : हातात काय मिळालं ते ओळखा

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. साधी मारहाण, म्हणजे न्याय संहितेचं कलम ११५(२), यात बसते. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. किती तरी बायका एनसीचा कागद "केस केली" म्हणून वर्षभर जपतात. तो कागद निरुपयोगी नाही, पुढच्या अर्जाला जोडता येतो. पण तेवढ्यावर थांबू नका.

एफआयआर ची प्रत मोफत मिळते, लगेच मागा. गुन्हा क्रमांक, कलमं आणि तपासी अंमलदाराचं नाव लिहून घ्या.

तक्रार अर्ज दिला असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. ऑनलाइन तक्रारीवर ३ दिवसांत जाऊन सही केली नाही तर ती नोंदवली जात नाही.

३ ते ७ वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि नवरा-बायकोच्या प्रकरणात ती अनेकदा केली जाते. चौकशी चालू आहे असं सांगितलं तर कधीपासून, ते विचारून लिहून ठेवा. एफआयआर झाली म्हणजे लगेच अटक, असंही नाही. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना अटकेचं कारण दाखवावं लागतं; बऱ्याचदा नवऱ्याला हजर राहायची नोटीस जाते. त्यामुळे एफआयआरनंतरच्या रात्री त्याच घरात झोपायला जाऊ नका.

### ठाण्याने घेतलंच नाही तर

भांडू नका. त्याच दिवशी तीच हकिकत लिहून कसबा बावड्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. कलम १७३(४) ची वाट हीच आहे. तिथूनही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पण ती पोस्टाची पावती नसेल तर तो अर्ज अडतो.

## टप्पा ६ : महिला कक्ष, पोलीस पाटील, तंटामुक्त समिती

पोलिसांच्या महिला कक्षात दोघांना बोलावून समजवतात. काही घरं त्यातून सावरतात, हे खरं आहे. पण समुपदेशन ही बाईची निवड असली पाहिजे, एफआयआर टाळण्याची जागा नव्हे. एकदा बोलावणं गेलं आणि तो आला नाही तर दुसऱ्या तारखेची वाट बघत महिना घालवू नका. पुढचा टप्पा समांतर चालू ठेवा.

गावच्या बैठकीत "पुन्हा हात लावणार नाही" असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात. त्या कागदाचा भंग हा गुन्हा नाही. कोर्टाच्या संरक्षण आदेशाचा भंग हा गुन्हा आहे. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. तरीही लिहून घेतलंच असेल तर प्रत ठेवा. मारलं होतं, हे त्यात त्याने मान्य केलेलं असतं.

## टप्पा ७ : संरक्षण अधिकारी

महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि कार्यालय ठाण्यात विचारा. ही माहिती देणं, मोफत वकिलाचा हक्क सांगणं, हे २००५ च्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पोलिसांचंच काम आहे. इथे फोन शेजारीणही करू शकते; चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही.

अधिकारी घरगुती घटना अहवाल भरतात. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे हिंसेचे वेगळे भाग आहेत. बायका मारावर थांबतात. एटीएम काढून घेणं, किराणा बंद करणं, नोकरी सोडायला लावणं, दागिने गहाण टाकणं हेही सांगा, त्यासाठी त्या फॉर्ममध्ये जागा आहे. प्रत मोफत घ्या.

अधिकारी रजेवर असेल तर थांबू नका. बाई थेट किंवा वकिलामार्फत अर्ज करत असेल तर या अहवालावाचून कोर्टाचं काम अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

## टप्पा ८ : न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अर्ज

वकील परवडत नसेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखला काढत तहसीलला फेऱ्या मारणाऱ्या बायका बघून वाईट वाटतं, तो लागतच नाही. फोन १५१००.

अर्ज सासरच्या किंवा माहेरच्या कोर्टात करता येतो. तात्पुरतं राहत असाल तिथेही. मूळ अर्जासोबत त्याच दिवशी २००५ च्या कायद्याच्या कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज आणि शपथपत्र द्या. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, आणि म्हणूनच अंतरिम अर्जाला पर्याय नाही.

मागण्या लिहिताना वकिलाला या चार गोष्टी विचारा :

१. कलम १८ चा संरक्षण आदेश. माहेर, कामाची जागा आणि मुलांची शाळा यांची नावं घालून.

२. कलम १९ चा निवास आदेश. "घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय हक्क" हे ऐकून माघार घेऊ नका. नातेवाइकाच्या मालकीचं घरही सामायिक घर ठरू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. याच कलमात ठाणे प्रभारींना संरक्षण द्यायला आणि आदेश अमलात आणायला मदत करण्याचा हुकूम मागता येतो. ही ओळ अर्जातून हमखास सुटते.

३. कलम २० चा खर्च. टप्पा १ मधले कागद इथे लावा. कोर्ट मालकाला किंवा नवऱ्याचं देणं लागणाऱ्याला थेट बाईला पैसे द्यायला सांगू शकतं. फौंड्रीचा पगार, कारखान्याकडचं ऊसबिल, दूध संस्थेचं बिल या सगळ्यासाठी ही मागणी करता येते.

४. मुलांचा तात्पुरता ताबा आणि स्त्रीधनाची परतफेड, यादीसह.

## टप्पा ९ : आदेश ठाण्यात पोचवा

आदेशाची प्रत मोफत मिळते आणि ठाण्यालाही जाते. तरी एक प्रत स्वतः नेऊन द्या, शिक्का घ्या, बीट अंमलदाराचा नंबर घ्या. माहेर वेगळ्या हद्दीत असेल तर तिथल्या ठाण्यातही द्या. आदेश देशभर लागू असतो. एक प्रत पर्समध्ये आणि फोटो फोनमध्ये.

तो दारात आला तर ११२, आणि पहिलं वाक्य : "माझ्याकडे कोर्टाचा संरक्षण आदेश आहे." त्याचा भंग दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे एनसी घेऊन परत येऊ नका.

खर्चाचे पैसे थकले तर मात्र ठाण्यात जाऊन वेळ घालवू नका. त्याची वसुली त्याच कोर्टात मागायची. आदेश मनासारखा नसेल तर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील.

## परत नांदायला जायचं ठरलं तर

तो निर्णय तिचा. सोबतच्यांनी राग धरून तिला तोडू नये. नाहीतर पुढच्या वेळी ती फोन करणारच नाही. पण जाताना अर्ज मागे घेण्याची घाई नको. तडजोड झाली असेल तर ती कोर्टापुढे, अटींसह नोंदवून घ्या, आणि संरक्षण आदेश चालू ठेवायला वकिलाला सांगा. कागदांची पिशवी माहेरी किंवा मैत्रिणीकडेच राहू दे. पहिले काही महिने ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी फोन ठेवा, आणि तिने फोनवर "डब्याचं झाकण तुझ्याकडे राहिलंय" असं काही आधी ठरवलेलं वाक्य म्हटलं, तर प्रश्न न विचारता तिच्या पत्त्यावर ११२ लावा.